रिसीव्ह अँटेना लावला, तरी गोंगाट तोच? ट्रान्समिट आणि रिसीव्ह अँटेनांची आपसातली लुडबुड कशी कमी करावी

८० किंवा ४० मीटरच्या रेडिओ बँडवर नीट ऐकू यावं म्हणून गच्चीवर फक्त ऐकण्यासाठी वेगळा लूप (वेटोळ्याच्या आकाराचा अँटेना) लावायचा, दोन संध्याकाळी ऐकायचं आणि "इन्व्हर्टेड व्ही काय, लूप काय, गोंगाट सारखाच" म्हणत तो काढून ठेवायचा, असं आपल्याकडे बऱ्याच हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींचं होतं. (इन्व्हर्टेड व्ही म्हणजे उलट्या व्हीच्या आकाराचा, बोलण्यासाठीचा तारेचा अँटेना.) पुढचा बेतही ठरलेला असतो: मोठा लूप, नाहीतर जास्त गेनचा प्रीॲम्प. त्यानेही काही हाती लागत नाही. लूप बहुतेक वेळा ठीकच असतो. त्याच्या शेजारचा ट्रान्समिट अँटेना आणि त्याच्यापासून शॅकपर्यंत, म्हणजे रेडिओच्या खोलीपर्यंत, आलेली केबल, या दोघांनी त्याचं काम बिघडवलेलं असतं.

या लुडबुडीचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिला प्रकार: बोलताना तुमचीच पॉवर रिसीव्ह अँटेनात शिरते आणि रिसीव्हरचं पुढचं अंग जाळते. दुसरा: कोॲक्स केबलच्या जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून घरातला गोंगाट लूपपर्यंत चालत जातो. तिसरा: ट्रान्समिट अँटेना त्या बँडवर रेझोनंट (त्या फ्रिक्वेन्सीला मुळातच जुळलेला) असल्याने आजूबाजूचा गोंगाट गोळा करतो आणि शेजारच्या लूपवर पुन्हा फेकतो. तो बोलण्यासाठी उत्तम जुळवलेला असतो, म्हणूनच ऐकताना जास्त त्रास देतो.

चूक होते ती क्रमात. लोक आधी लूपची जागा बदलत बसतात, मग चोक (केबलच्या पाठीवरचा करंट अडवणारे फेराइटवरचे वेढे) लावतात आणि रिसीव्हरच्या संरक्षणाचा विचार रिसीव्हर बहिरा झाल्यावर करतात. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. मधला एखादा गाळला, तर पुढच्या टप्प्यातल्या मोजणीवर विश्वास ठेवता येत नाही.

## सुरुवात करण्याआधी

हाताशी नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजणारं छोटं उपकरण) हवा. त्याच्याशिवायही काम होतं, पण अंदाज वाढतात. शिवाय ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा), कनेक्टरमध्येच बसवलेला ५० ओहमचा छोटा रेझिस्टर, १२ व्होल्टची बॅटरी आणि शक्य असेल तर ऑसिलोस्कोप.

गच्चीचा हातानेच एक नकाशा काढा. दोन्ही अँटेना, दोन्ही केबलींचे मार्ग, पाण्याच्या टाकीचे जीआय पाइप, सोलर पॅनेलची चौकट, वीजरोधकाची पट्टी, शेजाऱ्यांची कपडे वाळत घालायची तार, सगळं त्यात दाखवा. दहा मीटरच्या आसपास लांबीची कोणतीही धातूची वस्तू ४० मीटरच्या बँडवर संशयित समजा. लांब तार किंवा पाइप रेझोनंट असेल, तर तोही ट्रान्समिट अँटेनासारखाच गोंगाट परत फेकतो.

मग आजची स्थिती लिहून ठेवा. रिग (रेडिओ संच) बॅटरीवर चालवा, प्रीॲम्प बंद ठेवा, बँडविड्थ एकच ठेवा. ३.६ आणि ७.१ मेगाहर्ट्झजवळच्या मोकळ्या जागी दोन्ही अँटेनांवर गोंगाट किती येतो ते नोंदवा. मग घराचा मेन स्विच बंद करून पुन्हा नोंदवा. मेन बंद केल्यावर गोंगाट धाडकन खाली आला, तर गुन्हेगार घरातच आहे: एलईडीचा ड्रायव्हर, लॅपटॉपचा चार्जर, राउटरचा ॲडाप्टर. तो शोधून काढणं हा अँटेनाच्या कोणत्याही कसरतीपेक्षा स्वस्त उपाय आहे.

तपासा: एस-मीटरवरच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका. कितीतरी रिगमध्ये एस-३ च्या खाली मीटर हलतच नाही. एसडीआरचा (संगणकाला जोडलेल्या सॉफ्टवेअर रेडिओचा) डीबीएममधला, म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेतला, आकडा किंवा ऑडिओ आउटपुटवर लावलेला एसी व्होल्टमीटर जास्त खरं सांगतो. व्होल्टमीटर लावणार असाल तर एजीसी (गेन आपोआप बदलणारी सोय) बंद ठेवा.

## टप्पा १: किती पॉवर शिरते ते मोजा

दोन्ही केबली रिगपासून सोडवा. नॅनोव्हीएनएचा पहिला पोर्ट ट्रान्समिट अँटेनाच्या केबलला आणि दुसरा रिसीव्हच्या केबलला जोडा. लूपमध्ये ॲम्प्लिफायर असेल तर तो काढा आणि लूपच्या टोकांपासूनच मोजणी घ्या. कारण पॉवर आधी त्या ॲम्प्लिफायरच्या तोंडावर आदळणार आहे. एस-२१ चा आकडा (पहिल्या पोर्टवरून दुसऱ्यावर किती पोचतं ते, डीबीमध्ये) तुम्ही वापरता त्या प्रत्येक बँडवर लिहून घ्या.

सावधान: लांब तारेवर स्थिर वीज साठते, पावसाळ्याच्या तोंडावर तर फारच. केबलचा मधला पिन जाळीला टेकवून मगच नॅनोव्हीएनएला जोडा. आणि मोजणी चालू असताना जवळपासचा दुसरा हॅम हवेत नाही, याची खात्री करा.

आता हिशेब. १०० वॅट म्हणजे ५० डीबीएम. एस-२१ उणे ३० डीबी आला, तर रिसीव्ह केबलवर २० डीबीएम, म्हणजे १०० मिलिवॅट येणार. उणे ४० आला, तर १० डीबीएम, म्हणजे १० मिलिवॅट. ४०० वॅटवर यात आणखी ६ डीबी मिळवा. आरटीएल प्रकारच्या डोंगलला (यूएसबीत बसणाऱ्या स्वस्त एसडीआरला) १० डीबीएम ही जवळजवळ मरणाची रेषा आहे. तिथे शून्य डीबीएमच्या खालीच राहायचं. रिगच्या रिसीव्ह पोर्टची मर्यादा त्याच्या मॅन्युअलमध्ये पाहा. दिलेली नसेल तर डोंगलइतकीच धरा.

नॅनोव्हीएनए नसेल तर रिसीव्ह केबलच्या टोकाला ५० ओहमचा रेझिस्टर लावा आणि त्यावर ऑसिलोस्कोप ठेवा. मोकळी फ्रिक्वेन्सी शोधा, आधी ऐका, कॉलसाइन द्या आणि ५ वॅटवर काही सेकंद कॅरिअर सोडा. स्कोपवर ०.४५ व्होल्ट पीक-टू-पीक दिसला, तर १०० वॅटवर तो २ व्होल्ट होईल, आणि ५० ओहमवर २ व्होल्ट म्हणजे तेच १० डीबीएम. सुरुवात मात्र ५ वॅटवरच करा. थेट १०० वॅटने "बघू काय होतं ते" म्हणणाऱ्यांना ते लगेच दिसतं.

## टप्पा २: आधी रिसीव्हर वाचवा

हा टप्पा दुसऱ्या क्रमांकावर आहे, कारण पुढच्या सगळ्या प्रयोगांत चुकून पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबलं जाणार आहे.

दोन पोलचा रिले घ्या. एक पोल रिसीव्ह अँटेना तोडेल, दुसरा रिसीव्हरचं इनपुट जमिनीला टेकवेल. नुसतं तोडणं पुरत नाही. उघड्या संपर्कांमध्ये दीड पिकोफॅरड जरी असलं, तरी ७ मेगाहर्ट्झवर ते सुमारे १५ किलोओहम होतात आणि एकट्याने जेमतेम ४३ डीबी अडवतात. बँड वर गेला की हे आणखी घटतं. इनपुट जमिनीला टेकवलं की मग निर्धास्त.

जोडणीची दिशा महत्त्वाची आहे आणि निम्म्या जोडण्या इथेच उलट झालेल्या असतात. रिलेच्या कॉइलला वीज नसताना रिसीव्हर तुटलेला आणि जमिनीला टेकलेला असला पाहिजे. ऐकताना कॉइलला वीज द्यायची, पीटीटी दाबताच ती काढायची. म्हणजे ॲडाप्टर मेला, तार तुटली, लाइट गेली, तरी रिसीव्हर सुरक्षित बाजूलाच राहतो. उलट जोडणीत मात्र त्या दिवशी रिसीव्हर जळतो.

कॉइलवर उलटा डायोड सगळेच लावतात. पण साधा १एन४००७ लावला की रिले सुटायला जास्त वेळ घेतो, कारण कॉइलमधला करंट त्या डायोडमधून फिरत राहतो. आपली सुरक्षितता तर रिले सुटण्यावरच अवलंबून आहे. म्हणून डायोडबरोबर सिरीजमध्ये, उलट्या दिशेने, एक झीनर लावा. १२ व्होल्टच्या कॉइलला २४ व्होल्टचा झीनर चालतो, मात्र कॉइल ओढणाऱ्या ट्रान्झिस्टरला ३६ व्होल्टच्या वर झेपलं पाहिजे.

रिलेनंतर दुसरी भिंत म्हणून १एन४१४८ चे डायोड एकमेकांना उलटे लावता येतात. एकेकच लावला तर मुंबई-पुण्यात मध्यम लहरींची आकाशवाणी त्यांच्यात मिसळून ४० मीटरवर भुतं उभी करते. दोन-दोन डायोड सिरीजमध्ये घेऊन जोडी करा आणि आधी मध्यम लहर रोखणारा हाय-पास फिल्टर लावा. डायोड हा रिलेला पर्याय नाही.

नेहमीची चूक: एसडीआरचा ऑडिओ संगणकावर म्यूट केला म्हणजे एसडीआर वाचला, असं समजणं. म्यूट फक्त तुमचे कान वाचवतो.

आणखी एक: लूपच्या डोक्यावर बसलेला ॲम्प्लिफायर शॅकमधल्या रिलेने वाचत नाही. ट्रान्समिटचं क्षेत्र थेट त्याच्या इनपुटवर येतं. त्याची वीज तोडली तर काही ॲम्प्लिफायर तगतात, सगळे नाही. टप्पा १ मधला आकडा मोठा असेल, तर लूपची टोकं शॉर्ट करणारा छोटा रिले लूपच्या डब्यातच बसवावा लागतो. बीएन-७३-२०२ सारख्या चिमुकल्या कोअरवर गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असेल, तर तोही पॉवरने तापून तडकू शकतो.

## टप्पा ३: केबलचा अँटेना होऊ देऊ नका

जागा शोधण्याआधी हे का? कारण केबलच गोंगाट उचलत असेल, तर लूप कुठेही न्या, आकडा हलत नाही आणि तुम्ही "आमच्याकडे जागाच वाईट आहे" असा निष्कर्ष काढून मोकळे होता.

तपासणी सोपी आहे. गच्चीवर जाऊन लूप काढा आणि त्याच्या जागी केबलच्या टोकाला ५० ओहमचा छोटा रेझिस्टर लावा. खाली येऊन ऐका. रिसीव्हर अगदी शांत झाला पाहिजे. स्टेशनं ऐकू येत असतील, चार्जरची घरघर येत असेल, तर ती केबलच्या पाठीवरून येते आहे.

उपाय म्हणजे चोक. एफटी-२४०-३१ कोअरवर आरजी-५८ चे साधारण १२ वेढे घेतले की ८० आणि ४० मीटरवर काही किलोओहमचा अडथळा उभा राहतो. रिसीव्हच्या केबलमध्ये पॉवर नसते, त्यामुळे तिथे एफटी-१४०-३१ वर आरजी-१७४ चालते. रिसीव्हच्या केबलवर दोन चोक हवेत: एक लूपपाशी, एक शॅकमध्ये शिरण्याआधी. ट्रान्समिटच्या केबलवर एक फीडपॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जोडलेली असते तिथे. तो तिथे हवाच, कारण टप्पा ५ मध्ये त्याच्यावर भिस्त आहे. बंगल्याच्या अंगणात लूप असेल, तर लूपपाशी चोकच्या शॅककडच्या बाजूला केबलची जाळी जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडा. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर अशी जमीन मिळत नाही. तिथे चोकवरच भागवा.

जुन्या मॉनिटरमधून किंवा भंगारातून काढलेला कोअर वापरणार असाल तर तो आधी मोजा. नॅनोव्हीएनएच्या दोन पोर्टच्या मधल्या पिनांमध्ये चोकची फक्त जाळी सिरीजमध्ये लावा. एस-२१ उणे ३० डीबीच्या आसपास आला तर अडथळा सुमारे ३ किलोओहम आहे, उणे २० आला तर जेमतेम एक. एसएमपीएसमधल्या पिवळ्या-पांढऱ्या लोहचूर्णाच्या कोअरवर कितीही वेढे घ्या, या कामाला ते येत नाहीत.

केबल कोणती? रिसीव्हसाठी केबल टीव्हीवाल्याकडची आरजी-६ उत्तम, फॉइल आणि जाळी दोन्ही असलेली. ती ७५ ओहमची आहे म्हणून लोक बिचकतात, पण त्या फरकाने होणारं नुकसान ०.२ डीबीच्या आत आहे. काळजी दोनच गोष्टींची. ॲल्युमिनियमच्या जाळीला शिसं धरत नाही, म्हणून कॉम्प्रेशनचा एफ-कनेक्टर वापरा. आणि मधली तार तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड असेल, तर त्याच केबलमधून ॲम्प्लिफायरला वीज नेताना टोकाला व्होल्टेज पुरतंय का ते मोजा.

सावधान: ट्रान्समिट आणि रिसीव्हच्या केबली एकाच पीव्हीसी पाइपमधून नेऊ नका. एका जाळीची स्वस्त आरजी-५८ गळते. केबली एकमेकींना ओलांडणारच असतील, तर काटकोनात ओलांडा.

पुन्हा रेझिस्टर लावून ऐका. शांतता मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: जागा आणि तोंड

मोकळं शेत असेल तर हा टप्पा दोन वाक्यांत संपतो: रिसीव्ह अँटेना निदान अर्धी तरंगलांबी दूर न्या, म्हणजे ८० मीटरला ४० मीटर आणि ४० मीटरला २० मीटर. जितका लांब, तितका बरा.

सोसायटीच्या गच्चीवर तेवढं अंतर कुठून आणणार? तिथे निदान तरंगलांबी भागिले २π इतकं तरी राखा. ८० मीटरला सुमारे १३ मीटर, ४० ला साधारण पावणेसात. त्याच्या आत जवळच्या क्षेत्राचा जोर फार असतो. आणि अंतर मिळत नसेल तर तोंड फिरवा. लहान लूपच्या बाबतीत याने कधीकधी अंतरापेक्षा जास्त फायदा होतो.

ट्रान्समिट अँटेना उभा असेल, तर लूपची पूर्ण चकती त्या उभ्या तारेला दिसली पाहिजे, म्हणजे लूपचा अक्ष थेट तिच्याकडे. उभ्या तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं, आणि या स्थितीत ते लूपच्या पातळीला समांतर जातं, त्यातून आरपार जात नाही. बरेच जण नेमकं उलट करतात. "धार तिकडे केली की कमी ऐकू येईल" असं वाटतं, पण धारेच्या दिशेला लूप सर्वात जास्त ऐकतो.

आडव्या डायपोलसाठी लूपची पातळी तारेला काटकोनात ठेवा. मग लूपचा अक्ष तारेला समांतर होतो आणि तारेभोवतीचं क्षेत्र लूपमधून जात नाही. यात एक फायदा आपोआप मिळतो. डायपोल ज्या दोन बाजूंना जास्त फेकतो, त्याच बाजूंना लूपही जास्त ऐकतो. इन्व्हर्टेड व्हीच्या तारा उतरत्या असल्याने तिथे हा हिशेब तंतोतंत जमत नाही. लूप दोन्ही पायांच्या मधोमध, केबल खाली येते तिच्यापासून थोडा बाजूला ठेवून टप्पा १ ची मोजणी पुन्हा करा आणि पाच-दहा अंश इकडेतिकडे फिरवून सर्वात कमी एस-२१ शोधा.

तपासा: भर दुपारी मध्यम लहरींवर जवळची आकाशवाणी लावा, पुण्यात ७९२ किलोहर्ट्झ, मुंबईत १०४४. लूप हळूहळू फिरवा. एका दिशेला आवाज ठळकपणे पडला पाहिजे आणि ती दिशा अरुंद असली पाहिजे. पडत नसेल तर टप्पा ३ अर्धवट राहिलाय. ही परीक्षा दिवसाच घ्या. रात्री आकाशातून परतलेली लहर तो खड्डा भरून काढते.

## टप्पा ५: ऐकताना ट्रान्समिट अँटेना "नाहीसा" करा

इथवर आल्यावर उरलेला त्रास बहुधा पुनर्प्रक्षेपणाचा असतो. खात्री करून घ्या. ३.६ मेगाहर्ट्झवर रिसीव्ह अँटेनाचा गोंगाट नोंदवा, मग ट्रान्समिटची केबल फीडपॉइंटलाच हाताने सोडवा आणि पुन्हा ऐका. आकडा खाली आला, किंवा लूपचा खड्डा खोल झाला, तर हा टप्पा तुमच्यासाठी आहे. काहीच बदल नसेल (आणि अँटेना खाली सांगितलेली टोकाला फीड केलेली तार किंवा जमिनीला जोडलेला टॉवर नसेल) तर इथले कष्ट वाचवा आणि गच्चीवरच्या पाइपांकडे बघा.

तत्त्व एवढंच: ऐकण्याच्या बँडवर ट्रान्समिट अँटेना रेझोनंट राहता कामा नये, म्हणजेच तो डिट्यून करायचा. ते कसं साधायचं, हे अँटेना कोणता आहे त्यावर ठरतं आणि सरसकट "केबल काढली की झालं" म्हणणं इथेच फसतं.

पाव तरंगाचा उभा अँटेना किंवा इन्व्हर्टेड एल. बुडाशी रिले लावून तार केबलपासून तोडा. लटकत राहिलेली पाव तरंगाची तार त्या बँडवर निरुपद्रवी असते. पण ८० मीटरसाठी तोडलेली तीच तार ४० मीटरवर अर्ध्या तरंगाची होते आणि तिथे छान रेझोनंट होते! ४० वर ऐकायचं असेल तेव्हा तिला उलट जमिनीला जोडून ठेवा. म्हणजे ८० ला उघडी, ४० ला टेकलेली. हा मुद्दा फार थोडे लोक पाळतात आणि मग "डिट्यून केल्यावर ४० मीटर बिघडलं" म्हणतात.

रिलेवर किती भार येतो? ५० ओहमच्या आसपास १०० वॅटला सुमारे ७१ व्होल्ट आणि १.४ ॲम्पिअर, ४०० वॅटला १४१ व्होल्ट आणि २.८ ॲम्पिअर. दहा-सोळा ॲम्पिअरचा साधा रिले पुरतो. इथेही जोडणी अशी की कॉइलला वीज नसताना अँटेना जोडलेला राहील आणि ऐकताना वीज देऊन तो तुटेल. म्हणजे दोन्ही रिलेंची वीज एकदम गेली, तर रिसीव्हर सुरक्षित आणि ट्रान्समीटरला लोड हजर.

मधोमध फीड केलेला डायपोल किंवा इन्व्हर्टेड व्ही. मधोमध तोडला की दोन पाव-पाव तरंगाचे तुकडे उरतात, त्रास संपतो. पण दोन्ही पाय तुटले पाहिजेत. नुसता मधला पिन तोडून जाळी एका पायाला जोडलेली राहिली, तर तो पाय आणि सगळी केबल मिळून एक नवा अँटेना तयार होतो. फीडपॉइंटला चांगला चोक असेल तर एका पोलवर भागतं.

शेंड्यावर रिलेचा डबा टांगायचा नसेल, तर केबलची लांबी वापरून घ्या. केबलची विद्युत लांबी अर्धा तरंग असेल आणि शॅककडचं टोक उघडं ठेवलं, तर वरच्या टोकालाही उघडंच दिसतं. ०.६६ वेगाच्या आरजी-५८ किंवा आरजी-२१३ साठी ७.१ मेगाहर्ट्झला ही लांबी सुमारे १३.९ मीटर, ३.६ ला सुमारे २७.५ मीटर. लांबी पाव तरंगाची असेल, म्हणजे ७.१ ला सात मीटरच्या जवळ, तर शॅककडचं टोक शॉर्ट करायचं. तिथे उघडं ठेवलंत तर वर शॉर्ट दिसेल आणि डायपोल पूर्ववत रेझोनंट राहील. नेमकी हीच चूक नकळत होते: रिगने ऐकताना ट्रान्समिटचा पोर्ट उघडा सोडलेला असतो, केबल योगायोगाने पाव तरंगाची निघते आणि मालकाला वाटतं की अँटेना तर सुटलेला आहे.

नक्की किती लांबी, हे कागदावर ठरवू नका. चोक, बालन, लाइटनिंग अरेस्टर सगळे लांबीत भर घालतात. वरच्या टोकाला नॅनोव्हीएनए लावून खालचं टोक उघडं आणि शॉर्ट असं करून पाहा. केबलच्या स्वतःच्या नुकसानीमुळे अनंत ओहम दिसणार नाहीत, काहीशे ओहम दिसले तरी पुष्कळ.

टोकाला फीड केलेली अर्ध्या तरंगाची तार. ४९:१ ट्रान्सफॉर्मरवाली, सध्या गच्चीगच्चीवर दिसणारी. हिची केबल काढून काहीही होत नाही. अर्ध्या तरंगाची तार हवेत नुसती लटकत असली तरी रेझोनंट असते. ट्रान्सफॉर्मरपाशी रिले लावायचा मोहही टाळा. तिथे १०० वॅटलाच ७०० व्होल्टच्या घरात शिखर जातं. ही तार मधोमध तोडावी लागते. ती तोडण्यापेक्षा लूपची जागा आणि तोंड बदलणं सोपं. खरं सांगायचं तर ८० मीटरवर गंभीरपणे ऐकायचं असेल, तर हा अँटेना रिसीव्ह लूपचा चांगला शेजारी नाही.

जमिनीला जोडलेला टॉवर. गॅमा तारेने (टॉवरला समांतर नेलेल्या तारेने) फीड करत असाल, तर गॅमा तोडून टॉवर डिट्यून होत नाही, तो स्वतः जमिनीला घट्ट जोडलेला आहे. गॅमाच्या तारेचं खालचं टोक ठरावीक कपॅसिटरने टॉवरला जोडून तो फेरा त्या बँडवर पॅरलल रेझोनंट करावा लागतो. टॉवरच्या बुडाशी करंट मोजून तो किमान होईपर्यंत कपॅसिटर फिरवायचा.

सावधान: डिट्यून रिलेच्या कॉइलला गेलेली दोन तारांची वीजवाहिनी हीसुद्धा तारच आहे. दोन्ही टोकांना फेराइटवर गुंडाळा आणि रिलेपाशी ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. नाहीतर टप्पा ३ मध्ये काढलेला गोंगाट या दाराने परत येतो.

## टप्पा ६: कोण आधी, कोण नंतर

पीटीटी दाबल्यावर: रिसीव्हर तुटतो आणि जमिनीला टेकतो, ट्रान्समिट अँटेना जोडला जातो, थोडा वेळ जातो, मग आरएफ. सोडताना: आरएफ बंद, थोडा वेळ, ट्रान्समिट अँटेना सुटतो, सर्वात शेवटी रिसीव्हर जोडला जातो.

छोट्या रिलेला ५ ते १५ मिलिसेकंद लागतात, मोठ्याला २५ पर्यंत. बऱ्याच रिगच्या मेनूत ट्रान्समिटचा उशीर वाढवता येतो. तो रिलेच्या वेळेच्या किमान दुप्पट ठेवा. रिगमध्ये सोय नसेल तर वेगळा सिक्वेन्सर बनवा. सुटतानाचा उशीर बहुतेक रिग देत नाहीत, म्हणून रिसीव्हच्या रिलेच्या चालक सर्किटमध्ये रेझिस्टर-कपॅसिटरने तो आणा. मात्र हा उशीर फक्त रिसीव्हर जोडताना लागला पाहिजे, तोडताना नाही. एक डायोड योग्य दिशेने टाकला की ते जमतं.

सीडब्ल्यूवाल्यांनी, म्हणजे मोर्स वापरणाऱ्यांनी, फुल ब्रेक-इन (प्रत्येक डॉट-डॅशच्या मध्ये ऐकणं) बंद करून सेमी ब्रेक-इन वापरावा. प्रत्येक डॉटला टॉकटॉक करणारा रिले फार दिवस टिकत नाही, आणि आरएफ चालू असताना उघडणारा संपर्क त्याहून कमी.

रिगच्या सेंड जॅकमधून किती करंट ओढता येतो ते मॅन्युअलमध्ये पाहा. काही रिगमध्ये तिथे रिलेचा संपर्क असतो, काहींत नाजूक ट्रान्झिस्टर. दोन रिलेंच्या कॉइल थेट त्यावर टांगू नका, मध्ये स्वतःचा ट्रान्झिस्टर घाला.

तपासा: पहिली चाचणी डमी लोडवर, १ ते ५ वॅटवर. स्कोपच्या एका चॅनेलवर रिसीव्हरच्या इनपुटची केबल, दुसऱ्यावर आरएफचा नमुना. आरएफ येण्याआधी रिसीव्हर टेकलेला दिसला पाहिजे. एफटी-८ (संगणकावरून चालणारा डिजिटल मोड) वापरत असाल तर संगणकाकडून पीटीटी देऊनही हेच तपासा. माइकच्या बटणाने बरोबर चाललेला क्रम संगणकाच्या पीटीटीला चुकलेला आढळू शकतो.

## टप्पा ७: पुन्हा तीच मोजणी

सुरुवातीला लिहिलेले आकडे काढा आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर, त्याच बँडविड्थला, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजा. नुसता गोंगाट कमी झाला यावर खूश होऊ नका. लूपवर सिग्नलही कमीच येतो. पाहायचं ते सिग्नल आणि गोंगाट यांच्यातलं अंतर. एखादं दुबळं पण स्थिर स्टेशन धरून दोन्ही अँटेनांमध्ये पटापट बदलून ऐका, तेही कित्येकदा. फेडिंगमुळे एकदा ऐकून काढलेला निष्कर्ष चुकतो.

मग टप्प्याटप्प्याने पॉवर वाढवा: ५, २५, ५०, १००. प्रत्येक पायरीनंतर एकाच ठरलेल्या सिग्नलवर रिसीव्हरची संवेदनशीलता तपासा. नॅनोव्हीएनएच्या आउटपुटला ॲटेन्युएटर लावला की असा सिग्नल घरातच मिळतो. ट्रान्समिट अँटेनाचा एसडब्ल्यूआरही (अँटेना किती जुळलाय ते सांगणारा आकडा) पाहा. लूप आल्यावर तो बदलला असेल, तर लूप अजून फार जवळ आहे.

प्रीॲम्पचा विचार आता, इथे. अँटेना जोडल्यावर रिसीव्हरचा गोंगाट अँटेना काढल्यापेक्षा स्पष्ट वाढत असेल, तर प्रीॲम्पची गरजच नाही. वाढत नसेल तर १० ते १५ डीबीचा घ्या आणि तो रिलेच्या रिसीव्हरकडच्या बाजूला बसवा, म्हणजे त्यालाही तेच संरक्षण मिळतं.

पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, टप्पा १ आणि टप्पा ३ ची मोजणी एकदा पुन्हा करा. कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, रिलेच्या डब्यात मुंग्या घर करतात, कोकणात खाऱ्या हवेने संपर्क हिरवे पडतात. विजा चमकत असताना मात्र मोजणी नाही आणि ऐकणंही नाही: दोन्ही केबली शॅकबाहेर सोडवून ठेवायच्या, डिट्यून रिलेची वीजवाहिनीसुद्धा.